कर्ज फिटतं, जमीन उरते

‘घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून’ ही म्हण आपण सगळ्यांनी ऐकली आहे. घर बांधताना माणसाची किती दमछाक होते, हे ती सांगते. पण या म्हणीत जागेचा उल्लेख नाही, हे तुमच्या कधी लक्षात आलं आहे का? ज्या काळात ही म्हण रूढ झाली, त्या काळात गावात सगळ्यांना नसली तरी पुष्कळांना घरापुरती जागा असायची. वाडवडिलांची असेल, नाही तर गावठाणातली असेल. अडचण यायची ती लाकडाची, विटांची, सुताराची आणि गाठीच्या पैशाची. शहरात हा क्रम उलटा झाला. विटा, सिमेंट आणि गवंडी सगळीकडे साधारण सारख्याच भावात मिळतात. एक घर दोन लाखांना आणि दुसरं दोन कोटींना पडतं, ते मुख्यतः त्याच्या खालच्या जमिनीमुळे.

तेव्हा गरिबाला परवडेल असं घर द्यायचं, तर आधी जमीन हवी. ती विकत घ्यायची तर पैसा हवा आणि तो बहुतेक वेळा कर्जाऊच मिळतो. सरकारनं घरांसाठी जमीन घ्यायला वेळोवेळी जी कर्जं काढली आणि दिली, त्यांच्याविषयी आज मी बोलणार आहे. विषय रुक्ष वाटेल, पण मुंबईसारख्या शहरात कोण कुठे राहतो, याचा उलगडा पुष्कळदा या कर्जांच्या अटींमध्ये होतो.

सुरुवात करू १८९६ सालापासून. त्या वर्षी मुंबईत प्लेग आला. मांडवी भागात पहिले रोगी सापडले आणि बघता बघता शहर ओस पडू लागलं. गिरण्या थंडावल्या, बंदरातला व्यवहार थंडावला. रोगाचं मूळ चाळींच्या दाटीवाटीत, अंधाऱ्या आणि कोंदट खोल्यांत आहे, असं सरकारचं मत झालं. त्यातून १८९८ साली कायदा होऊन ‘बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट’ची स्थापना झाली. दाट वस्त्या पाडायच्या, रुंद रस्ते काढायचे, हवेशीर चाळी बांधायच्या, असं हे काम होतं. ग्लासगो शहरात १८६६ साली अशीच एक संस्था काढण्यात आली होती, तो कित्ता समोर होता.

ट्रस्टला सरकारनं आणि नगरपालिकेनं आपल्या काही मोकळ्या जमिनी दिल्या. नगरपालिकेनं दरवर्षी ठरावीक रक्कम द्यायची असंही ठरलं. बाकीचा पैसा ट्रस्टनं कर्जरोखे विकून उभा करायचा होता. म्हणजे लोकांकडून कर्ज घ्यायचं, त्यातून जमीन घ्यायची, तिचे भूखंड पाडून भाडेपट्ट्यानं द्यायचे आणि येणाऱ्या भाड्यातून कर्ज फेडायचं. कागदावर हे गणित चोख होतं.

पण ट्रस्टला जी जमीन घ्यायची होती, तिच्यावर आधीच चाळी उभ्या होत्या. १८९४ च्या भूसंपादन कायद्याप्रमाणे मालकाला बाजारभाव आणि सक्तीनं घेतल्याबद्दल वर १५ टक्के रक्कम द्यावी लागे. चाळीचा बाजारभाव ठरायचा तिच्या भाड्यावरून. एका खोलीत जितकी जास्त माणसं कोंबाल तितकं भाडं जास्त आणि जितकं भाडं जास्त तितका मोबदला जास्त. त्यामुळे जी चाळ सर्वांत गलिच्छ, ती घ्यायला सर्वांत महाग, असा प्रकार झाला. पुष्कळ घरमालकांनी ट्रस्टची योजना जाहीर होताच खोल्यांत आणखी बिऱ्हाडं भरली. जे दूर करायला ट्रस्ट निघाला होता, त्याच दाटीची किंमत त्याला व्याजानं काढलेल्या पैशातून मोजावी लागली.

इतक्या महाग घेतलेल्या जमिनीवर मजुरासाठी चाळ बांधून कर्ज कसं फिटणार? म्हणून तिथं रस्ते आले, दुकानं आली, चांगलं भाडं देणारे रहिवासी आले. सुरुवातीच्या वर्षांत ट्रस्टनं जितक्या खोल्या पाडल्या, तितक्या बांधल्या नाहीत. निघालेली माणसं शेजारच्या गल्लीतल्या चाळींत घुसली आणि तिथली दाटी वाढली. पुढे ट्रस्टनं उत्तरेकडे मोर्चा वळवला. दादर, माटुंगा, शीव या भागांत तेव्हा शेतं आणि मोकळी जागा होती आणि भाव कमी होता. तिथं नमुनेदार वसाहती झाल्या. दादरची हिंदू कॉलनी आणि पारशी कॉलनी आजही पाहाव्यात अशा आहेत. पण तिथं राहायला गेला तो नोकरदार मध्यमवर्ग. गिरणी कामगार लालबाग-परळच्या चाळींतच राहिला. ट्रस्टच्या कारभाऱ्यांना गरिबांचा द्वेष होता असं मला म्हणायचं नाही. त्यांना कर्ज फेडायचं होतं आणि ते फेडण्याची ऐपत ज्याच्याकडे होती, त्याच्यासाठी घरं झाली.

पहिल्या महायुद्धानंतर घरटंचाई आणखी वाढली. तेव्हाचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉईड यांनी १९२० साली हे काम सरकारच्या स्वतःच्या हाती घेतलं आणि ‘बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट’ हे नवं खातं काढलं. त्याची आद्याक्षरं म्हणजे बीडीडी. या खात्यानं कामगारांसाठी ५० हजार खोल्या बांधायचा बेत जाहीर केला. त्यासाठी मुंबई सरकारनं साडेसहा टक्के व्याजाचं ‘डेव्हलपमेंट लोन’ काढलं. त्याची परतफेड १९३५ साली व्हायची होती.

साडेसहा टक्के म्हणजे किती, ते जरा हिशेब करून पाहू. समजा, एका खोलीमागे जमीन आणि बांधकाम मिळून अडीच हजार रुपये खर्च झाला. त्याचं वर्षाचं व्याज झालं १६२ रुपये, म्हणजे महिन्याला साडेतेरा रुपये. मुद्दल, डागडुजी, झाडलोट, पाणी हे सगळं वेगळंच. त्या काळी गिरणीतल्या पुरुष कामगाराची महिन्याची कमाई सरासरी तीस-पस्तीस रुपयांच्या घरात होती. त्यातले तेरा-चौदा रुपये नुसत्या खोलीच्या व्याजात घालून त्यानं खायचं काय आणि गावी धाडायचं काय?

सरकारला हे कळत होतं. म्हणून मुंबईत येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गाठीवर एक रुपया कर बसवण्यात आला आणि त्या उत्पन्नातून भाड्यातली तूट भरून काढायचं ठरलं. कल्पना चांगली होती. ज्या धंद्यामुळे कामगार शहरात आला, त्यानं त्याच्या घराचा काही भार उचलावा, हा विचार त्यामागे होता. त्या काळाच्या मानानं तो बराच पुढारलेला होता.

वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडी या चार ठिकाणी चाळी उठल्या. तळमजला आणि वर तीन मजले, मजल्याला वीस खोल्या, चाळीला ऐंशी. खोली १६० चौरस फुटांची. वरळीत १२१, नायगावला ४२, डिलाइल रोडला ३२ आणि शिवडीत १२, अशा एकूण २०७ चाळी झाल्या आणि काम थांबलं. ५० हजारांचा बेत साडेसोळा हजार खोल्यांवर आला. भाडं खर्चाच्या मानानं कमी ठेवूनही कितीतरी खोल्या, विशेषतः वरळीच्या, बरीच वर्षं रिकाम्या होत्या. वरळी तेव्हा गिरण्यांपासून आडबाजूला होती आणि कामगाराला भाडं तरीही जड वाटत होतं. पुढे सविनय कायदेभंगाच्या काळात वरळीच्या काही चाळींचा उपयोग सत्याग्रहींना कोंडण्यासाठी तात्पुरता तुरुंग म्हणून झाला. घर म्हणून ज्यांना भाडेकरू मिळेना, त्या खोल्या अशा भरल्या!

याच खात्याचं दुसरं काम होतं बॅकबेला समुद्र बुजवून जमीन काढण्याचं. समुद्रकाठच्या महाग भूखंडांतून सरकारला भरपूर पैसा मिळेल, असा अंदाज होता. प्रत्यक्षात खर्च वाढत गेला आणि जमीन मात्र वर येईना. खुर्शेद नरिमन यांनी हे प्रकरण चव्हाट्यावर आणलं, १९२६ साली चौकशी समिती नेमली गेली आणि ‘लॉईडचा वेडेपणा’ असं नाव त्या योजनेला पडलं. एका खात्याच्या हातून गरिबांच्या चाळी आणि श्रीमंतांचे भूखंड अशी दोन्ही कामं झाली आणि दोन्हींचा हिशेब त्या वेळी तरी चुकला.

‘त्या वेळी तरी’ असं मी मुद्दाम म्हणालो. या चाळींकडे मी पुन्हा येणार आहे. त्याआधी स्वातंत्र्यानंतरचा काळ पाहू.

१९५२ साली केंद्र सरकारनं औद्योगिक कामगारांच्या घरांची योजना आणली. तिच्यात राज्यांना निम्मा खर्च अनुदान म्हणून आणि निम्मा कर्ज म्हणून मिळत असे. १९५४ साली कमी उत्पन्न गटासाठी कर्ज योजना आली. पण घराला कर्ज मिळून उपयोग काय, जागाच हाताबाहेर गेली तर? शहरांच्या कडेच्या जमिनींचे भाव सट्टेबाजीनं चढत होते. म्हणून १९५९ साली केंद्रानं खास जमिनीसाठीच एक योजना सुरू केली. तिच्यात राज्य सरकारांना जमीन संपादन करून विकसित करण्यासाठी कर्ज मिळायचं. तिथं रस्ते, पाणी, गटारं करून भूखंड वाजवी भावात, विशेषतः कमी उत्पन्नाच्या लोकांना द्यायचे आणि आलेल्या पैशातून पुढची जमीन घ्यायची, असा तिचा गाभा होता. पैसा एकदाच घालायचा आणि तो फिरत ठेवायचा, हा विचार विहिरीच्या रहाटासारखा आहे. एक पोहरा रिकामा होतो तोवर दुसरा भरून येतो.

हा विचार सर्वांत मोठ्या प्रमाणावर वापरला गेला तो राजधानीत. १९६१ साली दिल्लीत शहराभोवतालची जमीन सरसकट सरकारनं संपादन करायचं धोरण ठरलं. त्यासाठी फिरता निधी उभा राहिला आणि तो पुढे दिल्ली विकास प्राधिकरणाच्या कामाचा आधार झाला. रहाट चालला, पण पोहरा लवकर भरावा म्हणून काही भूखंड लिलावानं विकले जाऊ लागले. लिलावात बोली लावणार कोण? ज्याच्याकडे पैसा आहे तो. दक्षिण दिल्लीत टुमदार वसाहती झाल्या आणि मजुरांच्या वाट्याला शहराच्या कडेला झोपडी आली. साठ वर्षांपूर्वी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टचं जे झालं होतं, तेच इथं निराळ्या रीतीनं झालं.

१९६९ नंतर केंद्रानं घरांच्या निरनिराळ्या योजनांऐवजी राज्यांना एकत्रित कर्ज आणि अनुदान द्यायला सुरुवात केली. १९७० च्या एप्रिलमध्ये ‘हुडको’ ही गृहनिर्माणाला कर्ज देणारी केंद्राची कंपनी स्थापन झाली. त्याच्या महिनाभर आधी, १७ मार्च १९७० रोजी, महाराष्ट्रात ‘सिडको’चा जन्म झाला होता. त्याचीही हकिगत या विषयात सांगितलीच पाहिजे.

खाडीपलीकडे नवं शहर वसवावं, ही कल्पना चार्ल्स कोरिआ, प्रविणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६० च्या दशकाच्या मध्याला मांडली होती. मुंबईची जमीन महाग, तिथं गरिबाला जागा मिळणं कठीण. पलीकडची शेतजमीन स्वस्त. ती सरकारनं आधीच घेतली, तर शहर वसल्यामुळे वाढणारा भाव कुणा सट्टेबाजाच्या खिशात न जाता शहराच्याच कामी येईल, असा तो विचार होता. सिडकोला राज्य सरकारनं ३ कोटी ९५ लाख रुपयांचं भागभांडवल दिलं. ३४४ चौरस किलोमीटरचं शहर उभं करायला ही रक्कम म्हणजे काहीच नाही. खरं भांडवल होतं जमीन. ती घ्यायची, विकसित करायची, विकायची आणि त्यातून रस्ते, रेल्वे, घरं करायची.

यातून पुष्कळ चांगलं घडलं. वाशी, नेरूळ, बेलापूर इथं अल्प उत्पन्नाच्या हजारो कुटुंबांना हक्काचं घर मिळालं. मुंबईत ज्यांना दहा बाय बाराची खोली मिळाली नसती, अशी ही माणसं होती. पण ही जमीन स्वस्त पडली ती कोणामुळे? ठाणे, पनवेल आणि उरण भागातल्या ९५ गावांतल्या आगरी, कोळी आणि इतर शेतकऱ्यांमुळे. त्यांना मोबदला मिळाला तो भातशेतीच्या आणि मिठागराच्या भावानं. भूखंड विकले गेले ते शहराच्या भावानं. मधला फरक हे शहराचं भांडवल झालं. मला तर वाटतं, नवी मुंबईला सर्वांत मोठं कर्ज दिलं ते या शेतकऱ्यांनी. त्याला कर्जरोखा नव्हता आणि व्याजही नव्हतं.

शेतकऱ्यांनी त्याची वसुली मागितली, तेव्हा काय झालं हे रायगड जिल्ह्यात लहान मुलालाही ठाऊक आहे. शेतकरी कामगार पक्षाचे नेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली लढा झाला. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला उरण तालुक्यात पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. पुढे १९९० मध्ये संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतका विकसित भूखंड शेतकऱ्याला परत देण्याची योजना आली. ‘साडेबारा टक्के’ हे शब्द आज नवी मुंबईत कुणीही उच्चारले, तर पुढचं काही सांगावं लागत नाही. आकडा व्याजदरासारखा वाटतो आणि एका अर्थी तो तसाच आहे. वीस वर्षं थकलेल्या कर्जाचा तो उशिरा भरलेला हप्ता होता.

आता याच काळातलं एक वेगळं उदाहरण. १९८५ साली जागतिक बँकेच्या कर्जातून मुंबईत नागरी विकास प्रकल्प सुरू झाला. चारकोप, गोराई, मालवणी इथं ‘म्हाडा’नं लहान लहान भूखंड पाडले. नळ, गटार, रस्ता करून दिला आणि घर ज्याचं त्यानं ऐपतीप्रमाणे बांधायचं होतं. काही मोठे भूखंड बाजारभावानं विकून लहान भूखंडांची किंमत खाली ठेवण्यात आली. आज तिथं गेलात, तर खाली दुकान, वर दोन मजले आणि समोर छोटंसं मोकळं अंगण, अशी गजबजलेली वस्ती दिसते. हे जमलं, कारण जमीन मुख्यतः आधीपासून सरकारच्या ताब्यात होती. कर्ज जमिनीच्या किमतीत बुडालं नाही, ते नळाला आणि गटाराला लागलं.

आता बीडीडी चाळींकडे परत येऊ. साडेसहा टक्क्यांच्या त्या कर्जरोख्यांची मुदत १९३५ साली होती. ज्यांच्याकडे ते रोखे होते त्यांची नावंसुद्धा आज कुणाला आठवत नाहीत. कापसाच्या गाठीवरचा तो कर गेला, गिरण्याही गेल्या. पण वरळी, नायगाव आणि डिलाइल रोड, म्हणजे आजचा ना. म. जोशी मार्ग, इथली जमीन सरकारच्याच नावावर राहिली. ती विकली गेली नाही. शंभर वर्षांत शहर तिच्याभोवती वाढलं आणि एके काळी आडबाजूला असलेली वरळी मुंबईतल्या सर्वांत महाग भागांत जाऊन बसली. आता म्हाडा तिथल्या १९५ चाळींचा पुनर्विकास करत आहे. १६० चौरस फुटांच्या खोलीऐवजी रहिवाशाला ५०० चौरस फुटांचं मालकीचं घर मिळायचं आहे, तेही फुकट. वरळीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना २०२५ च्या ऑगस्टमध्ये किल्ल्या मिळाल्या. याचा खर्च उरलेल्या जागेवरच्या इमारती विकून निघायचा आहे. म्हणजे १९२० साली फसलेला म्हणून ज्या व्यवहाराची टर उडवली गेली, त्याच्याच जोरावर आज साडेपंधरा हजार कुटुंबांची सोय होते आहे.

शिवडीच्या बारा चाळी मात्र मागे राहिल्या. चाळी त्याच, खोल्या त्याच, माणसंही तीच. फरक इतकाच, की शिवडीची जागा मुंबई बंदराच्या मालकीची आहे. याहून स्पष्ट दाखला मला दुसरा सुचत नाही.

एक धोक्याची जाणीवही द्यायला हवी. वरळीतला विक्रीचा भाग एकदा विकला, की तो गेला. ही किमया त्या जमिनीवर दुसऱ्यांदा करता येणार नाही. शंभर वर्षांपूर्वीच्या लोकांनी आपल्याला जमीन ठेवली. आपण पुढच्यांना काय ठेवणार, हा प्रश्न उरतोच.

आजच्या अडचणी वेगळ्या आहेत. २०१३ च्या नव्या भूसंपादन कायद्यानं शहरात बाजारभावाच्या दुप्पट आणि ग्रामीण भागात चौपटीपर्यंत मोबदला ठरवला. उरणच्या शेतकऱ्यांनी जे भोगलं, ते पाहता हे न्यायाचंच झालं. पण त्यामुळे घरांसाठी जमीन घ्यायला लागणारं कर्ज वाढलं, हेही खरं. २०१५ साली आलेल्या पंतप्रधान आवास योजनेत शहरातल्या भागीदारी प्रकल्पांना केंद्राकडून घरामागे दीड लाख रुपये ठरले. पण जमिनीची सोय राज्यानं किंवा विकासकानं करायची. मग स्वस्त जमीन शोधत ही घरं शहरापासून पंधरा-वीस किलोमीटर दूर जातात, आणि वरळीच्या रिकाम्या खोल्यांची आठवण होते. त्याच २०१५ साली महाराष्ट्रात घरकुलासाठी जागा घ्यायला मदत देणारी दीनदयाळ उपाध्याय यांच्या नावाची योजना सुरू झाली. भूमिहीनाला ५०० चौरस फुटांपर्यंतच्या जागेसाठी ५० हजार रुपयांपर्यंत साहाय्य, असं तिचं रूप होतं. घरकुल मंजूर आहे, पण ते बांधायला जागा नाही, अशी माणसं खेड्यातही आहेत, हे सरकारनं त्यातून मान्य केलं.

या सव्वाशे वर्षांच्या इतिहासातून मी जे शिकलो, ते साधं आहे. कर्ज किती मिळालं यापेक्षा ते कोणत्या वेळी, कोणत्या भावाच्या जमिनीवर आणि कुणाच्या खिशातून फेडण्यासाठी मिळालं, याला महत्त्व आहे. फेड जमीन विकून करायची ठरली, तर जमीन पैसेवाल्याकडे जाते. फेड राहणाऱ्याच्या भाड्यातूनच करायची ठरली, तर खोली रिकामी राहते. शेतकऱ्याला कमी देऊन फेड सोपी केली, तर ते देणं पुढे कुणाच्या तरी डोक्यावर बसतं. आणि जमीन समाजाच्या हाती राखून फेड हळूहळू केली, तर कर्ज फिटल्यानंतरही ती जमीन उपयोगी पडत राहते.

यापुढे वर्तमानपत्रात परवडणाऱ्या घरांची नवी योजना वाचाल, तेव्हा घरांची संख्या वाचून थांबू नका. जमीन कुणाची घेतली, तिला काय भाव दिला, कर्ज कोण फेडणार, आणि ते फिटल्यावर जमीन कुणाच्या नावावर राहणार, हेही विचारा. १९२० साली हे प्रश्न फारसे कुणी विचारले नसतील. आपण विचारू शकतो, कारण त्यांची उत्तरं आज वरळीत आणि उरणमध्ये आपल्या डोळ्यांसमोर आहेत.